दोन डोळे शेजारी

‘दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी’ ही म्हण आमची आजी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्या जावेला उद्देशून वापरत असे. माझ्या बाबतीत मात्र ती अक्षरशः खरी आहे. माझे दोन डोळे गेली साठ-पासष्ट वर्षं एकाच चेहऱ्यावर शेजारी शेजारी राहतात, एकच चष्मा वापरतात, पण त्यांचं आपसात बोलणं नाही.

शाळेत असताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला तपासलं आणि वडिलांना सांगितलं, “याचा डावा डोळा आळशी आहे.”

“नुसता डावा?” वडिलांनी विचारलं.

डावा डोळा कामावर येतो, सही करतो आणि दिवसभर बसून राहतो. सगळं काम उजवा ओढतो. एका डोळ्यावर जग दिसतं, छान दिसतं. फक्त कुठली वस्तू किती पुढे आणि किती मागे, हे नेमकं समजत नाही. त्यामुळे माझ्या हातून क्रिकेटचे झेल सुटले, सुईत दोरा कधी गेला नाही आणि चहा कपात पडण्याऐवजी बशीत पडत आला. पण ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. त्याला कारण आतेभावाचा व्ह्यू-मास्टर.

आतेभावाच्या वडिलांनी परदेशातून तो काळा बेकेलाइटचा डबा आणला होता. त्यात एक गोल चकती घालायची, खटका दाबायचा आणि डोळे लावायचे. चकतीवर चौदा चित्रं, पण दृश्यं सातच; कारण प्रत्येक दृश्याची दोन चित्रं, एकेका डोळ्यासाठी एकेक. आम्ही दहा-बारा पोरं रांगेत उभी. प्रत्येक जण डोळे लावून ओरडत होता, “आईशप्पथ! हात घालावासा वाटतो रे!” माझी पाळी आली. मला दिसला एक बगीचा. रंगीत, सुंदर आणि पोळपाटासारखा सपाट. हात घालावासा वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण मागे उभी असलेली पोरं विचारत होती, “दिसलं का? दिसलं का?” मी म्हणालो, “वा!”

त्या ‘वा’ने माझं आयुष्य बांधलं गेलं. एकदा ‘वा’ म्हटलं की पुढल्या चित्रालाही म्हणावं लागतं. पुढे मी लाल-निळे कागदी चष्मे घालून सिनेमे पाहिले आणि पडद्यातून भाला अंगावर आला की शेजारच्या बघून वेळेवर मान खाली घातली. शेजारचा झोपलेला असला, तर माझी पंचाईत होई.

हे बिंग गेल्या दिवाळीत फुटलं.

आमचे मेहुणे दादासाहेब यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे. त्यांनी चोरबाजारातून एक लाकडी यंत्र आणलं. खाली धरायला दांडा, वर घोड्याच्या ढापणांसारखं डोळे झाकणारं झाकण, त्यात दोन भिंगं आणि पुढे सरकणाऱ्या पट्टीवर कार्ड अडकवायची सोय. याचं नाव स्टिरिओस्कोप. (आमच्या पिढीला ‘स्टिरिओ’ म्हटलं की गाणीच आठवतात, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भरीव’.) बरोबर खोकाभर कार्डं होती. प्रत्येक कार्डावर सारखीच दिसणारी दोन चित्रं शेजारी शेजारी. आणि खोक्यात बहुतेक सगळ्या बागाच! कातरलेली झाडं, कारंजी, पुतळे, दगडी कुंड्या, पायऱ्या. ज्या गृहस्थांच्या गॅलरीत तुळस तग धरत नाही, त्यांच्या खोक्यात सगळ्या युरोपच्या बागा होत्या.

फराळ झाल्यावर यंत्र हातोहात फिरू लागलं. “अगंबाई!” आमची ही म्हणाली. “अय्या, ती कुंडी बघा कशी पुढे आलीय!” वहिनी म्हणाल्या. दादासाहेबांनी ते माझ्या हाती दिलं. मी ढापणात डोळे खुपसले आणि सरावाने म्हणालो, “वा! काय खोली आहे!”

दादासाहेब शांतपणे म्हणाले, “अजून कार्ड लावलेलं नाही.”

त्यानंतर सगळं सांगावंच लागलं. हिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “म्हणजे चाळीस वर्षं चहा बशीत ओतत होता तो...?” मी मान डोलावली. “आणि मला वाटायचं तुम्ही मुद्दाम करता!”

पकडल्या गेलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात : माफी मागणं किंवा अभ्यास करणं. संसारात माफीची एकदा सवय लागली की ती रोज मागावी लागते, म्हणून मी अभ्यासाची वाट धरली. जे आपल्याला दिसत नाही ते आहे तरी काय, आणि ते बघायला लोकांनी बागाच का निवडल्या, हे मला समजून घ्यायचं होतं.

याचा उगम एका वाजंत्री घराण्यात आहे. चार्ल्स व्हीटस्टन यांच्या घरी वाद्यं बनवण्याचा व्यवसाय. कॉन्सर्टिना नावाची हातात धरून वाजवायची छोटी पेटी त्यांचीच. या गृहस्थांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. त्याचं सार असं : नाकासमोर बोट धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारतं. म्हणजे दोन डोळ्यांना एकच वस्तू थोडी वेगवेगळी दिसते. डोळ्यांत अंतर जेमतेम अडीच इंच, पण तेवढ्यावरून त्यांचे मतभेद होतात आणि मेंदू त्या मतभेदातून खोली तयार करतो. दोघांचं शंभर टक्के एकमत झालं तर जग सपाट. (संसाराबद्दल मी इथे काही म्हणत नाही.) व्हीटस्टन यांनी दोन आरसे लावून यंत्र केलं आणि त्यात चित्रं घातली ती रेघांनी काढलेली, कारण फोटोग्राफीची घोषणा जगापुढे झाली ती १८३९ साली. म्हणजे चष्मा आधी आला आणि बघायची वस्तू नंतर.

पुढे १८४९ च्या सुमाराला सर डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञांनी आरशांऐवजी भिंगं घालून सुटसुटीत पेटी केली. हे ब्रूस्टर म्हणजे लहानपणी आपण बांगड्यांचे तुकडे घालून फिरवतो त्या शोभादर्शकाचे जनक. शोभादर्शक सगळ्या जगाने उचलला आणि त्यांच्या हाती पैसा आला नाही, त्यामुळे ते शोधांच्या हक्कांबाबत हळवे झालेले असावेत. त्यांनी व्हीटस्टन यांना स्टिरिओस्कोपचं श्रेय द्यायलाच नकार दिला. १८५६ साली दोघे वृत्तपत्रांतून पत्रं लिहून भांडत होते. एकाच वस्तूकडे अडीच इंचांच्या फरकाने पाहणारी ही दोन माणसं, पण त्यातून खोली काही निर्माण झाली नाही.

इंग्लंडमध्ये ब्रूस्टर यांच्या पेटीला कोणी विचारेना. ती पॅरिसच्या ड्यूबॉस्क नावाच्या कारागिराने बनवली. तिचा प्रचार करायला निघाले आबे म्वान्यो हे विज्ञानवेडे पाद्री. पेटी काखोटीला मारून ते फ्रान्सच्या एकेका थोर शास्त्रज्ञाचं दार ठोठावू लागले. हा किस्सा वाचला आणि मला सख्खे भाऊ भेटल्यासारखं वाटलं. आरागो यांच्याकडे गेले, तर त्यांना डोळ्यांच्या दोषामुळे एकाचे दोन दिसत. पेटीत मुळात दोन चित्रं! बेकरेल यांचा एक डोळा जवळजवळ निकामी. पूये हे तिरळे. विजेवर, प्रकाशावर, उष्णतेवर ग्रंथ लिहिणारी ही माणसं, आणि पेटीत पाहून त्यांना काही दिसेना! अखेर रेनो नावाच्या शास्त्रज्ञाचे दोन्ही डोळे धड निघाले आणि शोधाला दाद मिळाली. पण मला जास्त आदर वाटला तो पहिल्या तिघांचा. पेटीपुढे त्यांची जी पंचाईत झाली ती लपून राहिली नाही. मी त्यांच्या जागी असतो तर ‘वा’ म्हणून मोकळा झालो असतो.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये, काचेच्या महालात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे ड्यूबॉस्कची पेटी व्हिक्टोरिया राणीला आवडली आणि मग काय विचारता! जी वस्तू राणीला आवडते ती प्रत्येक बाईला हवी असते. १८५४ साली लंडनमध्ये स्टिरिओस्कोपिक कंपनी निघाली आणि १८५८ पर्यंत तिच्या यादीत एक लाख दृश्यं होती. ‘घर तिथे स्टिरिओस्कोप’ हा तिचा मंत्र. दिवाणखान्यात बसून, पाय न मळवता, लोक जग पाहू लागले.

आणि या लाखांत बागा किती! त्यामागे नुसती हौस नव्हती, शास्त्रही होतं. दोन डोळ्यांचा मतभेद जवळच्या वस्तूंवर होतो. दूरच्या डोंगराबद्दल दोघांचं एकमतच असतं. म्हणून डोंगर दोन डोळ्यांनाही पडद्यावर रंगवल्यासारखा दिसतो. चंद्राची भरीव चित्रं काढायची तर चंद्र स्वतः थोडा डुलेपर्यंत थांबायचं आणि वेगवेगळ्या रात्री दोन फोटो घ्यायचे. वॉरन द ला रू यांनी १८५८ च्या सुमाराला ते करून दाखवलं. बागेला असले उपद्व्याप नकोत. सहा फुटांवर दगडी कुंडी, वीस फुटांवर पुतळा, पन्नास फुटांवर कारंजं, पुढे झाडांची रांग. बाग अडीच इंचांच्या मापातच बसते.

शिवाय शोभेची बाग ही मुळात खोलीचाच खेळ असते. व्हर्सायची बाग रचणारा ल नोत्र हा माळी खरा, पण त्याने फुलांपेक्षा अंतरांची लागवड केली. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना कातरलेल्या झाडांच्या भिंती, पुढे पाणी आणि पाण्यापुढे क्षितिज. ही बाग कशी दाखवावी याच्या सूचना चौदाव्या लुई राजाने स्वतः लिहून ठेवल्या होत्या : इकडून या, इथे थांबा, इथून वळून पाहा. अशा बागेचा साधा फोटो म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाचं नुसतं वर्णन. स्टिरिओस्कोपने तो प्रसाद खायला दिला.

फोटो काढणाऱ्याचे हाल मात्र ऐकण्यासारखे आहेत. १८५१ साली निघालेल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर चिकट द्रव ओतायचा आणि तो ओला आहे तोवर फोटो घेऊन धुवायचाही. म्हणून काळोखी खोली तंबूच्या रूपाने बागेत न्यावी लागे. त्या काचेला निळा रंग चटकन समजे, हिरवा जवळजवळ नाहीच. आता बागेत हिरव्याशिवाय असतं काय? झाडं काळीकुट्ट यायची आणि आकाश कोरं पांढरं. वारा आला की पानं पुसली जायची. कारंज्याचं पाणी तर कापूस पिंजून लावल्यासारखं दिसे. मग कागदावरच्या चित्रांत हाताने रंग भरत. फ्रेंच मंडळी पातळ कागदावर चित्र छापून मागून रंगवीत आणि दिव्यांच्या जागी टाचणीने भोकं पाडीत. कार्ड उजेडासमोर धरलं की बागेत दिवे लागत. आपल्याकडच्या आकाशकंदिलाचंच हे शहाणं भावंडं.

सुरुवातीला बरेच जण एकाच भिंगाचा कॅमेरा वापरत. एक फोटो घ्यायचा, कॅमेरा अडीच इंच सरकवायचा, दुसरा घ्यायचा. एवढ्यात बाकावरचा माळी उठून गेला, तर तो डाव्या चित्रात आहे आणि उजव्यात नाही. स्टिरिओस्कोपमध्ये त्या माळ्याचं भूत होतं. आरपार दिसणारं, लुकलुकणारं. मँचेस्टरच्या डान्सर नावाच्या कारागिराने १८५६ साली दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं आणि पुढे ही भुतं कमी होत गेली. दादासाहेबांच्या खोक्यात एक भूत आहे, असं ही सांगते. मला दोन्ही चित्रं वेगवेगळी पाहून तो माळी शोधावा लागला. मला भूतसुद्धा सरळ दिसत नाही.

दादासाहेबांकडचं यंत्र ज्या घाटाचं आहे, तो घाट ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचा. हे अमेरिकेतल्या बोस्टनचे डॉक्टर आणि हलकेफुलके निबंध लिहिणारे गृहस्थ. १८६१ च्या सुमाराला त्यांनी हातात धरायचं हे स्वस्त यंत्र केलं आणि पेटंट न घेता जगाला देऊन टाकलं. (निबंध लिहिणाऱ्याला धंदा समजत नाही, याचा आणखी एक पुरावा.) १८५९ साली एका लेखात त्यांनी थट्टेने म्हटलं होतं की, एखाद्या वास्तूची निरनिराळ्या बाजूंनी चार चित्रं घेतली की काम झालं, मग ती वास्तू पाडा नाहीतर जाळा.

थट्टा खरी व्हायला अकरा वर्षं लागली. पॅरिसजवळ सां-क्लू नावाचा राजवाडा होता. बाग ल नोत्रच्या हातची आणि टेकडीच्या उतारावरून दगडी पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं पाणी. स्टिरिओस्कोपवाल्यांची ही आवडती जागा. तिची कार्डं मुबलक निघाली. १८७० च्या जुलैत याच वाड्यातून तिसऱ्या नेपोलियनने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. सप्टेंबरात तो स्वतः कैदेत होता आणि वाड्यात प्रशियाचे सैनिक. १३ ऑक्टोबरला त्यांच्यावर फ्रेंचांनीच डागलेले तोफगोळे वाड्यावर पडले आणि वाडा जळाला. वीसएक वर्षं नुसत्या भिंती उभ्या होत्या, मग त्याही पाडल्या. बाग आहे, पाण्याच्या पायऱ्या आहेत. ज्या वाड्यासाठी त्या मांडल्या तो तेवढा नाही. पुढच्याच वर्षी पॅरिसमधला त्विलरीचा राजवाडा जळला. लंडनचं प्रदर्शन संपल्यावर काचेचा महाल सिडनहॅमला नेला होता, भोवती कारंज्यांची प्रचंड बाग केली होती. तो महालही १९३६ साली एका रात्रीत गेला. या सगळ्यांची कार्डं आहेत. ढापणात डोळे घाला, की सां-क्लूचा वाडा आपल्या बागेमागे, आपल्या जागी, आपल्या अंतरावर उभा.

म्हणजे दोन डोळेवाल्यांसाठी. मला त्यातला वाडा दिसतो, पण अंतर दिसत नाही. इतके दिवस मला याचं फारसं दुःख नव्हतं. चेंडू सुटला, सुटला. पण जी जागा आता जगात राहिलेलीच नाही, आणि कोणी तरी ओली काच सांभाळत तंबूत घामाघूम होऊन नेमकी तिची खोली तेवढी आपल्यासाठी ठेवून गेलाय, ती आपल्या हातात असून आपल्याला मिळू नये, हे मात्र लागलं. मी ते कार्ड रोज बघू लागलो. ‘वा’ न म्हणता.

“काय दिसतं गं तुला?” मी हिला विचारायचो.

“आता कसं सांगू? पुढे कुंडी आहे, तिच्या मागे पाणी आहे, त्याच्या मागे झाडं आहेत.”

“ते मलाही दिसतं.”

“तुम्हाला कळतं. मला दिसतं.” ही वाटाणे सोलता सोलता म्हणाली. एवढी स्वच्छ व्याख्या मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नव्हती.

सुटीत नात आली. तिला सगळा इतिहास समजला होताच. आमच्या घरात दुसऱ्याची फजिती पोस्टापेक्षा लवकर पोचते. तिने कार्ड हातात घेऊन विचारलं, “आजोबा, तुम्ही चालताना तुम्हाला झाडं पुढे-मागे वाटतात का?”

मी विचार केला. चालताना वाटतात खरी. जवळचं झाड झपकन मागे सरकतं, लांबचं सावकाश. आगगाडीच्या खिडकीतून तर सगळी धरती थराथरांनी फिरते. चालणाऱ्या माणसाचं एका डोळ्यावर भागतं, कारण दोन डोळे जे दोन जागी बसून करतात, ते एक डोळा दोन जागी जाऊन करतो. लुई राजाच्या सूचना तरी दुसरं काय सांगत होत्या? चाला!

“मग थांबा,” नात म्हणाली. तिने मोबाइलवर कार्डाच्या डाव्या चित्राचा फोटो घेतला, उजव्याचा घेतला, एकावर एक बसवले आणि ते आळीपाळीने भराभर दिसतील असं काहीतरी केलं. ही युक्ती आता जगभर माहीत आहे; न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१२ पासून आपल्या जुन्या कार्डांवर लोकांना हा खेळ करू दिला. मला मात्र ठाऊक नव्हती. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला.

डावा, उजवा, डावा, उजवा. माझ्या कामसू उजव्या डोळ्याला ती दोन्ही डोळ्यांचं म्हणणं आळीपाळीने ऐकवत होती. सगळं चित्र थरथरत होतं. पण थरथरताना दगडी कुंडी पाण्यावरून सरकली, पाणी झाडांवरून सरकलं, आणि झाडांच्या मागे वाडा जागच्या जागी राहिला. लांब. खरोखर लांब. मध्ये हवा होती. १८७० पूर्वीची कुठली तरी वारा पडलेली सकाळ, आणि मी कुंडीच्या अलीकडे उभा होतो.

नकळत हात पुढे गेला आणि मोबाइलच्या काचेवर आपटला.

“वा!” मी म्हणालो.

ही स्वयंपाकघरातून ओरडली, “कार्ड लावलंय का बघ गं आधी!”